नोंदवहीतला वाळवंटी बेडूक

वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे पेंढा भरलेला वाघ, देवमाशाचा सांगाडा आणि काचेपलीकडे टाचणीने टोचलेली फुलपाखरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु प्राणिशास्त्राच्या मोठ्या संग्रहालयांचा खरा ऐवज प्रेक्षकांच्या वाटेवर मांडलेला नसतो. तो मागच्या बाजूच्या थंड, अंधाऱ्या दालनांत, मद्यार्काने भरलेल्या बरण्यांतून ओळीने लावलेला असतो. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात बेडूक, साप, सरडे यांचे असे पाच लाखांहून अधिक नमुने आहेत. नमुन्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर एक क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत एक ओळ. बरणीतला बेडूक दिसावयास मुळीच देखणा नसतो. त्याचा रंग उडालेला असतो, डोळे दुधाळ झालेले असतात. नोंदवहीतली ओळ तर त्याहूनही रुक्ष. तरीही आज मी बोलणार आहे ते प्रामुख्याने त्या ओळीविषयी.

ही ओळ ज्याच्या नावावर आहे तो प्राणी आपल्याकडचा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा आणि मेक्सिकोचा उत्तर भाग एवढ्या कोरड्या मुलुखात तो राहतो. इंग्रजीत त्याच्या कुळाला ‘स्पेडफूट टोड’ म्हणतात. आपल्या शास्त्रीय लिखाणात टोडला भेक हा शब्द रूढ आहे. तेव्हा आपण त्याला फावड्या भेक म्हणू. त्याच्या मागच्या पायांच्या तळव्याला विळ्यासारखे वाकडे, काळे, कठीण पाते असते. त्या पात्याने तो माती दोन्ही बाजूंना सारीत, मागच्या मागे जमिनीत उतरत जातो. पाहणाऱ्याला असे वाटते की जमीनच त्याला हळूहळू गिळीत आहे. शास्त्रीय नाव स्कॅफिओपस कौचाय. मुठीएवढा हिरवट-पिवळा देह, मांजरासारखी उभी बाहुली, आणि अंगावर असा स्राव की त्याला हाताळणाऱ्यास शिंका येऊ लागतात व डोळ्यांना पाणी सुटते.

वर्षातले आठ ते दहा महिने हा प्राणी दोन-तीन फूट खोल मातीत निश्चल पडून असतो. माती सुकू लागली की त्याच्या अंगातील द्रवांत युरिया साठत जातो, आणि त्या योगाने तो सुकत्या मातीतूनही पाणी ओढून घेऊ शकतो. मॅक्लानाहन या शास्त्रज्ञाने ही किमया १९६७ साली प्रसिद्ध केली. उन्हाळ्यातील वादळी पाऊस आला की हा भेक वर येतो. (अ‍ॅरिझोनातले लोकही त्या पावसाला ‘मॉन्सून’च म्हणतात.) ओल त्याच्यापर्यंत झिरपण्याची तो वाट पाहत नाही. पावसाच्या माऱ्याचा जमिनीत उमटणारा घुमारा हीच त्याची हाक. डिमिट आणि रुइबाल यांनी १९८० साली दाखवून दिले की विजेच्या मोटारीची धडधड ऐकवली तरी, कडक उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसतानाही, हे भेक फसून वर येतात.

पुढचा सारा संसार घाईचा. बहुधा पहिल्याच रात्री नर डबक्यात जमून ओरडू लागतात. तो आवाज वेदनेने ओरडणाऱ्या शेळीमेंढीसारखा असतो, आणि त्याला शृंगाराची हाक म्हणावयास मन सहजासहजी तयार होत नाही. त्याच रात्री अंडी घातली जातात. पाणी ऊबदार असेल तर ती एका दिवसाच्या आत फुटतात, आणि शेपटीवाल्या पोरांचे चार पायांचे बेडूक होण्यास अवघे आठ-नऊ दिवसही पुरतात. डबके आटण्याआधी हे झाले तर झाले, नाही तर ती पिढी गेली. मोठे बेडूक एवढ्या अवधीत वाळवी खाऊन घेतात. पावसाबरोबर वाळवीलाही पंख फुटतात, आणि एका रात्रीत हा प्राणी आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक वाळवी पोटात घालू शकतो. असे एक पोटभर जेवण त्याला वर्षभर पुरू शकते, असे डिमिट-रुइबाल यांचे गणित आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात वर्षभर मौन धरून पावसाबरोबर बोलू लागणारे बेडूक आहेत. त्या ऋषीने हा परदेशी भेक पाहिला असता, तर त्याला आपले वर्णन फारसे बदलावे लागले नसते.

आता प्रश्न असा की जो प्राणी वर्षातून मोजक्या रात्रीच जमिनीवर असतो, त्याची नोंद होते कशी?

पहिली नोंद पाहण्याजोगी आहे. अमेरिकी सैन्याच्या तोफखान्यात डरायस काउच नावाचा एक तरुण अधिकारी होता. १८५३ साली तो रजा घेऊन उत्तर मेक्सिकोत प्राणी गोळा करावयास गेला. माटामोरोस या गावी जाँ लुई बेर्लांदिए नावाचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे राहिला होता. १८५१ साली नदी ओलांडताना तो बुडून मरण पावला. त्याचा संग्रह व कागदपत्रे काउचने त्याच्या विधवेकडून विकत घेतली. स्वतः जमविलेले आणि विकत घेतलेले असे सारे सामान मग वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत स्पेन्सर बेअर्ड यांच्याकडे पोचले. बेअर्ड हे अफाट उत्साहाचे गृहस्थ. सैन्यातील डॉक्टर, मोजणीदार, सरहद्दीवरचे अधिकारी अशा कितीतरी माणसांना त्यांनी प्राणी गोळा करण्याचा नाद लावला होता. काउचच्या नमुन्यांत त्यांना हा भेक सापडला, १८५४ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि काउचचे नाव त्याला दिले. पुढे यादवी युद्धात काउच सेनापती झाला. त्या युद्धाच्या अभ्यासकांबाहेर त्याची आठवण आज मुख्यतः एक पक्षी आणि हा भेक यांच्या नावांतून राहिली आहे.

हा नमुना कोठला, या रकान्यात बेअर्ड यांनी काय लिहावे? ‘कोआविला आणि तामाउलिपास’. ही मेक्सिकोची दोन सबंध राज्ये. दोहोंचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते आजच्या महाराष्ट्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरते. पंढरपूरला सापडलेल्या वस्तूचे ठिकाण ‘महाराष्ट्र’ म्हणून लिहावे, तसलाच हा प्रकार. कोणत्या गावाजवळ, डोंगराळ भागात की समुद्राकडच्या सपाटीवर, कोणत्या पावसाच्या रात्री, याचा त्यात मागमूस नाही. त्या काळच्या माणसांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीने ‘या जगात असा एक प्राणी आहे’ हीच बातमी होती. तो नेमका कोठे आहे, हा प्रश्न नंतरच्या पिढीचा.

तो प्रश्न ज्यांनी सर्वांत नेटाने हाती घेतला त्यांत जोसेफ ग्रिनेल यांचे नाव घ्यावे लागेल. अ‍ॅनी अलेक्झांडर या धनिक आणि स्वतः हिंडून नमुने जमविणाऱ्या बाईंच्या पैशावर बर्कली येथे १९०८ साली पृष्ठवंशी प्राण्यांचे संग्रहालय निघाले. ग्रिनेल त्याचे पहिले संचालक. त्यांची शिस्त कडक होती. नमुन्याबरोबर जागा, उंची, तारीख, हवामान, आजूबाजूची झाडेझुडपे, सारे त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. १९१० साली त्यांनी लिहून ठेवले आहे की या नोंदींची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला कळेल. चालू सालाचा हिशेब मागणाऱ्या जगात असे लिहिण्यास धैर्य लागते.

परंतु नोंद कितीही काटेकोर केली, तरी फावड्या भेकाच्या बाबतीत एक अडचण उरतेच, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट तीच आहे. अ‍ॅरिझोनातील नोंदी तारखेप्रमाणे लावून पाहा; जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, आणि हिवाळ्याचे महिने जवळजवळ रिकामे. प्राणी हिवाळ्यात परगावी गेलेला नसतो. तो तेथेच, पायाखाली असतो. त्याच नोंदी आता नकाशावर मांडा. ठिपके पसरलेले दिसत नाहीत. ते ओळीने बसतात, आणि जरा निरखून पाहिले की कळते, ही ओळ म्हणजे मोटाररस्ता. रात्री सावकाश मोटार हाकीत दिव्याच्या उजेडात रस्त्यावरचे प्राणी टिपावयाचे, ही पद्धत सान डिएगोचे लॉरेन्स क्लॉबर यांनी सापांच्या अभ्यासासाठी १९२०च्या दशकापासून रूढ केली. व्यवसायाने ते वीज कंपनीत अभियंता होते; सापांचा नाद हा फावल्या वेळचा. पद्धत इतकी फलदायी ठरली की वाळवंटातील प्राण्यांचा अभ्यास करणारे सारेच तिच्या मागे लागले. त्यातून रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत पाणी साचते आणि भेक तेथे स्वतःहूनही येतात. गुरांसाठी खोदलेल्या तळ्यांचेही तेच. म्हणजे नकाशावर ठिपका पडावयास तीन गोष्टी एका रात्री एके ठिकाणी जुळून याव्या लागतात: पाऊस, प्राणी आणि कंदील घेतलेला माणूस. यांपैकी तिसरा गैरहजर असला तर पहिल्या दोघांची भेट कागदावर येतच नाही.

हे सारे अभ्यासकांच्या घरचे भांडण म्हणून सोडून देता आले असते. पण आज ही नोंदवही कपाटात राहिलेली नाही. गेल्या पंचवीस वर्षांत जगातील संग्रहालयांनी आपल्या नोंदी संगणकावर चढवून सर्वांना खुल्या केल्या. २००१ साली त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्थाही उभी राहिली. घरबसल्या कोणीही एका प्राण्याच्या हजारो नोंदी मागवू शकतो, आणि यंत्र क्षणात त्यांचा नकाशा काढून देते. नकाशा सुबक असतो, आणि सुबक नकाशावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. जुन्या, ढोबळ ठिकाणांना नंतर अक्षांश-रेखांश दिले गेले. ज्यांनी हे काम जबाबदारीने केले त्यांनी प्रत्येक बिंदूबरोबर ‘यात इतक्या मैलांची चूक संभवते’ असेही लिहून ठेवले आहे. हा रकाना न वाचता नुसता ठिपका उचलणारा मनुष्य जिल्ह्याच्या नेमक्या मध्यबिंदूवर, एखाद्या उघड्या खडकावर, बेडूक बसवून मोकळा होतो.

नोंद चुकलेली असू शकते, तशी नावाचीही गफलत असू शकते. याच कुळातील दुसऱ्या एका भेकाला विल्यम हॅमंड या सैन्यातील डॉक्टरच्या नावावरून हॅमंडाय म्हणतात. मेक्सिकोतील एका भेकाला एडवर्ड कोप यांनी १८६३ साली मल्टिप्लिकाटा असे वेगळे नाव दिले होते. पुढच्या अभ्यासकांना दोघांत फारसा भेद दिसेना, म्हणून दोघांची एकच जात धरली गेली, आणि कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोपर्यंतच्या बरण्यांवर हॅमंडाय हेच नाव चढले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे दोन प्राणी खरोखर निरनिराळे असल्याचे दाखविले. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, मेक्सिको येथले ते कोपचे भेक. हॅमंडचा भेक फक्त कॅलिफोर्निया व त्याला लागून असलेल्या बाहा कॅलिफोर्नियातला.

केवळ नावाचा घोळ म्हणून कोणी हसेल. परंतु त्याचा परिणाम पाहा. जोवर दोघे एक होते, तोवर कागदोपत्री हा प्राणी अर्ध्या खंडावर विपुल होता. दोघे वेगळे झाल्यावर ध्यानात आले की कॅलिफोर्नियातल्या भेकाचे घर फार लहान आहे, आणि त्या घरावर शेते, वसाहती, रस्ते चढले आहेत. २०२३ सालच्या डिसेंबरात अमेरिकी सरकारच्या वन्यजीव खात्याने त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावे, असा प्रस्ताव मांडला. अशी फोड झाल्यावर जुन्या नोंदी दुरुस्त करता येतात, याचे कारण एकच, बरण्यांत ते देह शिल्लक होते. ‘अमुक ठिकाणी हॅमंडचा बेडूक पाहिला’ असा कोणी कितीही प्रामाणिक मनुष्याने शेरा लिहिलेला असता, तर त्यातला कोणता भेक कोणता, हे आज सांगता आले नसते. चिठ्ठी खोटे बोलली तरी देहाकडे पुन्हा विचारणा करता येते.

त्या देहातून काय काय निघते हे ऐकून आश्चर्य वाटेल. बोटाच्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. कारण वाढ फक्त पावसाळ्यात होते आणि एरवी थांबते. ही वलये मोजून कळले की हा इवलासा प्राणी दहा वर्षांहून अधिक जगतो. पोट उघडले तर शेवटच्या जेवणातली वाळवी मिळते. आणि मूत्राशयात, नशीब असेल तर, एक चपटा परजीवी किडा सापडतो. त्याची हकीकत यजमानाहूनही नवलाची. भेक पाण्यात असतात त्या मोजक्या तासांतच हा किडा आपली पिले बाहेर सोडतो. त्याच रात्री त्यांनी दुसरा भेक गाठला पाहिजे. मग वर्षभर तोही आपल्या यजमानाबरोबर जमिनीखाली. कोठल्याही चिठ्ठीवर याची नोंद नव्हती. नमुना फाडून पाहिला तेव्हा ती झाली.

येथे एक शंका रास्त आहे. नोंदीसाठी प्राणी मारावेत का? पूर्वी एकेका डबक्यातून पुष्कळ भेक उचलले जात, हे खरे. त्यातील काही संग्रह निव्वळ हौसेचे होते, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. आता परवाना लागतो, थोडे नमुने घेतले जातात, आणि ऊतीचा कणभर तुकडा गोठवून ठेवला जातो, कारण फॉर्मॅलिनमध्ये मुरविलेल्या जुन्या देहांतून आनुवंशिक द्रव्य मिळविणे फार कष्टाचे. आज कोणीही भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून जागा-वेळेसह ते अभ्यासकांकडे पाठवू शकतो, आणि त्यामुळे नोंदींची संख्या झपाट्याने वाढली आहे. ही उत्तम गोष्ट आहे. फक्त छायाचित्राची मर्यादा विसरू नये: मूत्राशयातला किडा त्यात दिसत नाही, आणि मोटाररस्त्यावरची गर्दीही त्यामुळे कमी होत नाही. उलट वाढते.

आपल्याकडे हे फावड्याचे कुळ नाही. परंतु तोच धंदा करणारे आहेत. टाचेजवळ फावड्यासारखा उंचवटा असलेले, मागच्या पायांनी जमिनीत शिरणारे बेडूक दख्खनच्या माळावरही पहिल्या पावसाला वर येतात. त्यांच्यातील एका जातीला स्फीरोथेका पश्चिमा हे शास्त्रीय नाव पश्चिम भारतातील नमुन्यांवरून मिळाले ते २०१७ साली. तोपर्यंत त्याची गणना दुसऱ्याच नावाखाली होत होती.

आता पुन्हा काउचच्या भेकाकडे. कॅलिफोर्नियाच्या कोलोरॅडो वाळवंटातील त्याच्या वास्तव्याविषयी विल्बर मेह्यू यांनी १९६२ साली लिहिले. कोलोरॅडो नदीच्या अलीकडचा हा पट्टा अत्यंत रूक्ष आहे. तेथे उन्हाळी पाऊस काही वर्षी येतो, काही वर्षी येतच नाही. कॅलिफोर्निया राज्याने या भेकाला विशेष चिंतेच्या जातींत घातले आहे. नेमक्या याच पट्ट्यात, ब्लाइद शहराच्या आसपास, २०१० नंतर सौरऊर्जेचे विस्तीर्ण प्रकल्प आले. ऊन भरपूर, जमीन सपाट, वस्ती विरळ; जागा निवडणाऱ्यांचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. पण सपाट जमिनीवरच पाणी साचते. आणि बांधकामाच्या यंत्रांची धडधड मातीतून जाते. मोटारसायकलींचा मुद्रित आवाज ऐकवला तरी पुरलेले भेक वर येतात, असा प्रयोग ब्रॅटस्ट्रॉम व बोंडेलो यांनी पूर्वीच केलेला होता. भर उन्हात, पाण्यावाचून वर आलेला भेक फार काळ जगत नाही.

म्हणून परवान्यांच्या कागदपत्रांत हत्ती-वाघासारख्या मानकऱ्यांऐवजी या भेकाचे नाव आले. येथे तो आहे काय, याचे उत्तर आधी नोंदवहीत शोधतात. नोंद निघाली तर प्रश्न सुटला. न निघाली तर मात्र, नाही म्हणावयास ती पुरेशी नाही. कोरड्या महिन्यात अभ्यासक भल्या पहाटे उठून महिनाभर जरी तो माळ तुडवीत राहिला, तरी पायाखालचा भेक त्याला दिसणार नाही. त्याला उन्हाळी वादळाची वाट पाहत तयारीत राहावे लागते. पाऊस पडला की त्याच रात्री जाऊन कान द्यावा लागतो, आणि ती रात्र हुकली तर पुढच्या आठवड्याच्या आत प्रत्येक डबके जाळीने तपासावे लागते. कारण त्यानंतर पाणी आटलेले असते आणि पाण्यातली पोरे एक तर सुकून गेलेली असतात, किंवा पाय फुटून जमिनीखाली गेलेली असतात.